नियम साहित्याचे, गळती सांध्यांची

पावसाचा पहिला जोर ओसरला की गृहनिर्माण संस्थांची कार्यालये, शाळांचे मुख्याध्यापक आणि सरकारी वसाहती सांभाळणारे उपविभाग यांच्याकडे गळतीच्या तक्रारींचे अर्ज जमू लागतात. ओल कुठे आली हे त्या अर्जांत बहुधा नेमके लिहिलेले असते. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, तुळई आणि भिंत मिळते तिथल्या आडव्या तड्यापाशी, गच्चीच्या कठड्याच्या पायथ्याशी, वरच्या मजल्यावरच्या नहाणी ट्रॅपभोवती. नीट घातलेल्या स्लॅबच्या मधोमध किंवा खिडकीच्या काचेतून पाणी आल्याच्या तक्रारी त्या मानाने फार कमी. पाणी शिरते ते एक साहित्य संपून दुसरे सुरू होते तिथे. आणि आपल्याकडे इमारत कशी बांधावी हे सांगणारी सगळी पुस्तके मात्र साहित्याप्रमाणे लावलेली आहेत. काँक्रीटचे प्रकरण वेगळे, विटांचे वेगळे, लाकडाचे वेगळे, ॲल्युमिनियमचे वेगळे. या दोन गोष्टींचा परस्परांशी थेट संबंध आहे. साहित्यवार मांडणी मोडावी असे माझे म्हणणे नाही. ती टिकण्याला सबळ कारणे आहेत. पण तिच्या जोडीला सांध्यांचे स्वतंत्र प्रकरण आल्याशिवाय आपल्या सार्वजनिक आणि खासगी इमारतींची गळती थांबणार नाही, असे मला ठामपणे वाटते.

ही मांडणी आधी समजून घेऊ. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची विनिर्देश पुस्तके उघडली की माती काम, मसाला, काँक्रीट, आरसीसी, विटांचे बांधकाम, दगडकाम, लाकूडकाम, लोखंडी काम, फरशी, छप्पर, गिलावा आणि रंग, मग स्वच्छतागृहे, पाणीपुरवठा, ॲल्युमिनियम, वॉटरप्रूफिंग अशी उपशीर्षे एकामागून एक येतात. दरसूचीही याच क्रमाने चालते, म्हणजे पुस्तकातले प्रकरण आणि टेंडरमधला आयटम एकमेकांना बांधलेले असतात. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत विटांच्या बांधकामाच्या आयटमखाली ‘बीडी-जी-५’ असा क्रमांक दिसतो, गिलाव्याच्या आयटमखाली ‘बीडी-एल’ने सुरू होणारा. बीडी म्हणजे इमारत, पुढचे अक्षर म्हणजे कामाचा गट. राष्ट्रीय बांधकाम संहिता १९७० साली प्रथम आली आणि तिची २०१६ची आवृत्ती आजही संदर्भाला घेतली जाते. तिच्या संरचनेच्या भागात लाकूड व बांबू, दगड-विटांचे बांधकाम, काँक्रीट, पोलाद आणि काच यांचे विभाग वेगवेगळे आहेत. भारतीय मानकांचेही तसेच. काँक्रीटसाठी आयएस ४५६, पोलादासाठी आयएस ८००, विटा-दगडांच्या बांधकामासाठी आयएस १९०५. ही मानके लिहिणाऱ्या समित्यासुद्धा बऱ्याच अंशी साहित्याप्रमाणे वाटलेल्या आहेत. सिमेंट-काँक्रीटची समिती एक, इमारती लाकडाची दुसरी.

ही वाटणी कुणा कारकुनाच्या सोयीसाठी झालेली नाही. रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियस याने दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या ग्रंथाचे दुसरे पुस्तक वीट, वाळू, चुना, दगड, लाकूड अशा साहित्याच्या क्रमानेच लिहिले. आपल्याकडे लाकूड सुताराचे, लोखंड लोहाराचे, दगड पाथरवटाचा आणि भिंत गवंड्याची, ही वाटणी गावगाड्याइतकी जुनी आहे. कारागिरी साहित्याप्रमाणे शिकली जाते, माल साहित्याप्रमाणे विकत घेतला जातो आणि तो चांगला की वाईट हेही साहित्याप्रमाणेच तपासता येते. १८५४ साली पुण्यात सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांसाठी अभियांत्रिकीचे वर्ग सुरू झाले. आजचे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यातूनच वाढले. दूरदूरच्या कामांवर एकाच प्रकारची वीट आणि एकाच प्रमाणाचा मसाला वापरला जावा, यासाठी खात्याला शिकलेला माणूस हवा होता आणि त्याच्या हातात पुस्तक हवे होते. त्या शिस्तीचे फळ आपण अजून खातो. आयएस ४५६ प्रमाणे १ ते ५ घनमीटर काँक्रीटला किमान एक नमुना आणि ३१ ते ५० घनमीटरला चार नमुने घ्यावे लागतात. १५० मिलिमीटरचे घन भरायचे, ते २८ दिवसांनी फोडायचे आणि आकडा नोंदवायचा. वीट पाण्यात बुडवून ती किती पाणी शोषते ते मोजायचे. ही व्यवस्था नसती तर ठेकेदार आणि अभियंता यांच्यातला प्रत्येक वाद केवळ शब्दावर शब्द राहिला असता.

पण या व्यवस्थेचे मोजमाप जिथे थांबते, तिथे काय होते ते एका खिडकीवर पाहू. सव्वा मीटर रुंद आणि तेवढीच उंच अशी नेहमीची सरकती ॲल्युमिनियम खिडकी घ्या. ती ज्या भिंतीत बसते ती भिंत विटांच्या प्रकरणात. वरचे लिंटल आणि छज्जा आरसीसीत. खालची कडाप्पा किंवा ग्रॅनाइटची पट्टी दगडकामात. आतल्या-बाहेरच्या कडांचा गिलावा फिनिशिंगमध्ये, चौकट ॲल्युमिनियममध्ये आणि शेवटचा हात रंगाऱ्याचा. एका खिडकीभोवती अशी पाच-सहा प्रकरणे आणि तितकेच कारागीर येतात. आता या सगळ्यांचा क्रम पाहा. गवंडी भोक थोडे मोठे ठेवतो. फॅब्रिकेटर चौकट बसवतो आणि उरलेली फट गवंड्याने मसाल्याने भरावी असे धरून चालतो. गवंडी ती वरवर भरतो, कारण फट ही फॅब्रिकेटरची, अशी त्याची समजूत. दगडी पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार आणि खाली पाणी तोडणारी खाच हवी, पण पट्टी बसवणाऱ्याच्या आयटममध्ये दगडाची जाडी आणि पॉलिश लिहिलेले असते. उताराचा उल्लेख कुठेतरी नकाशावर असला तर असतो. मग कुणीतरी धूळ न पुसता सिलिकॉनची रेघ ओढतो आणि रंगारी तिच्यावरून ब्रश फिरवतो. सिलिकॉनवर रंग धरत नाही आणि धुळीवर सिलिकॉन धरत नाही. प्रत्येकाने आपापल्या प्रकरणाप्रमाणे काम केलेले असते. प्रत्येकाचे साहित्य चाचणीत उत्तीर्ण होईल. खिडकी मात्र गळेल.

यात भौतिकशास्त्राचाही भाग आहे आणि तो कुणाच्या निष्काळजीपणावर अवलंबून नाही. तापमान वाढले की ॲल्युमिनियम विटेच्या सुमारे चौपट आणि काँक्रीटच्या दुपटीहून थोडे अधिक पसरते. दोन मीटर लांबीच्या चौकटीचे तापमान ३० अंशांनी वाढले तर ती साधारण १.४ मिलिमीटर लांबते; तेवढ्याच लांबीची विटांची भिंत एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे दोहोंमध्ये एक मिलिमीटरचा फरक, आणि तो रोज उन्हाबरोबर येणार, रात्री परत जाणार. कडक मसाल्याने ही फट भरली तर ती तडकणारच. तिथे ताणले जाणारे सीलंट हवे आणि त्यामागे फोमची गोल दोरी हवी. कामावरची मंडळी तिला बॅकर रॉड म्हणतात. ती असली की सीलंट फक्त दोन कडांना चिकटते आणि मोकळेपणाने ताणता येते. काँक्रीटचा कॉलम आणि त्याला लागून असलेली एएसी ब्लॉकची भिंत यांच्यातही हेच घडते. ब्लॉक सुकताना आक्रसतो, कॉलम त्याच वेळी तेवढा आक्रसत नाही, आणि गिलाव्यावर उभी रेघ उमटते. तिथे दोन्ही बाजूंना पुरेशी जाळी मारावी हे प्रत्येक अनुभवी मिस्त्री जाणतो. पण जाळी ब्लॉकच्या आयटममध्ये धरायची की गिलाव्याच्या, यावर वाद होतो आणि त्या वादात ती राहूनच जाते.

मोजमापाचे नियमही सांध्याकडे पाठ फिरवून उभे आहेत. आयएस १२०० हे मोजमापाचे मानक कामाच्या प्रकारानुसार अनेक भागांत विभागलेले आहे. गिलावा त्याच्या बाराव्या भागात येतो. दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल तर अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या भोकासाठी काहीच वजा करायचे नाही आणि अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंतच्या भोकासाठी एकाच बाजूचे क्षेत्र वजा करायचे, असा त्याचा नियम आहे. दुसऱ्या बाजूचे वजा न केलेले क्षेत्र भोकाच्या आतल्या कडा, वरचा तळ आणि उंबरा यांच्या बदल्यात धरले जाते. पैशाच्या हिशेबाने हा नियम ठीक आहे. हजारो खिडक्यांच्या कडा वेगवेगळ्या मोजण्याचा त्रास वाचतो आणि आकडा जवळपास जुळतो. पण त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. मापपुस्तिकेत त्या कडांचे नावच उरत नाही. जे मोजले जात नाही त्याची तपासणी नोंदवली जात नाही, आणि जे नोंदवले जात नाही त्याबद्दल पुढे कुणाला विचारता येत नाही. इमारतीत पाणी शिरण्याची सर्वांत मोठी शक्यता ज्या काही सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीत आहे, तीच पट्टी कागदावरून पुसली जाते.

साहित्य चांगले असूनही सांध्यांमुळे इमारती कशा निकामी होतात, याचा पुरावा परदेशात फार मोठी किंमत मोजून गोळा झाला आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, व्हँकूवरच्या पावसाळी किनाऱ्यावर, १९८० आणि ९०च्या दशकांत बांधलेल्या सदनिकांच्या असंख्य इमारती गळू लागल्या. १९९६ साली तिथल्या राष्ट्रीय गृहनिर्माण महामंडळासाठी झालेल्या पाहणीत, ओलाव्याच्या सुमारे नव्वद टक्के तक्रारी भिंतीच्या घटकांमधल्या सांध्यांशी आणि भिंतीला छेदून जाणाऱ्या खिडक्या, गच्च्या, पाइप यांच्याशी निगडित निघाल्या; नुसत्या भिंतीमुळे उद्भवलेल्या फक्त दहा टक्के. प्रकरण इतके वाढले की १९९८ साली माजी प्रांतप्रमुख डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. न्यूझीलंडमध्ये याच काळात हीच गोष्ट घडली. तिथल्या गळक्या घरांची संख्या सुमारे ४२ हजार आणि दुरुस्तीचा खर्च सुमारे ११ अब्ज न्यूझीलंड डॉलर असावा, असा अंदाज २००९ साली एका लेखा संस्थेने मांडला. तिथे प्रक्रिया न केलेले लाकूड वापरण्याची मुभा हेही एक मोठे कारण होते, हे खरे. पण त्या लाकडापर्यंत पाणी पोचले ते खिडक्यांच्या आणि गच्च्यांच्या सांध्यांतून. नंतर त्या देशाने बाहेरच्या ओलाव्याविषयीच्या नियमांची फेररचना केली, तेव्हा इमारतीची उंची, वारा, छपराचा पुढे आलेला भाग, सांध्यांची गुंतागुंत यांना गुण देऊन धोका मोजण्याची पद्धत त्यात घातली. म्हणजे नियम साहित्यापाशी न थांबता इमारत पावसाला कुठे सामोरी जाते तिथपर्यंत गेला.

आपल्या कोकणातल्या जुन्या घरांनी हे शहाणपण न लिहिता पाळले होते. जांभ्याची भिंत पाणी शोषते, हे बांधणाऱ्याला ठाऊक होते. म्हणून कौलांचे छप्पर भिंतीच्या बरेच पुढे ओढले जाई आणि पावसाळ्याआधी पश्चिमेकडून येणारी झड अडवायला झापांचे आडोसे बांधले जात. सांधा पावसाला सापडूच द्यायचा नाही, ही ती रीत. आज आपण वीस-वीस मजल्यांच्या सपाट भिंती बांधतो. त्यांना छज्जा अरुंद, कुठे मुळीच नाही, आणि मुंबईसारख्या ठिकाणी वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस वाऱ्यासह त्यांच्यावर आदळतो. छपराने उचलायची जबाबदारी आता बोटभर रुंदीच्या सीलंटवर आली आहे. घराची रचना बदलली, पण ते कसे बांधावे हे सांगणाऱ्या पुस्तकाची मांडणी बदलली नाही.

सांध्यांचे काम पुस्तकात लिहिता येत नाही, ते कारागिराच्या हातात असते, असे कुणी म्हणेल. तसे नाही, याचे सर्वांत मोठे उदाहरण आरसीसी. प्रबलित काँक्रीट म्हणजे दोन साहित्यांचा सांधाच आहे. पोलाद आणि काँक्रीट तापमानाने जवळपास सारखेच पसरतात म्हणून तो टिकतो. विनिर्देशांनी पोलाद एका प्रकरणात आणि काँक्रीट दुसऱ्या प्रकरणात टाकून हात झटकले असते, तर आपले पूल आणि इमारती उभ्या राहिल्या नसत्या. त्यांनी या सांध्याला स्वतःचे प्रकरण दिले. म्हणून सळईवर काँक्रीटचे आवरण किती हवे हे आज नेमके ठरलेले आहे: सौम्य वातावरणात २० मिलिमीटर, मध्यम वातावरणात ३०, समुद्रकिनाऱ्याच्या तीव्र वातावरणात ४५. सळईवर सळई किती लांब चढवायची, ती काँक्रीटमध्ये किती खोल रुतवायची, आवरण राखण्यासाठी खाली कव्हर ब्लॉक ठेवायचा, हे सगळे लिहिलेले आहे आणि काँक्रीट ओतण्यापूर्वी अभियंता येऊन ते तपासतो. एका सांध्याला प्रकरण मिळाले, त्यावर संशोधन झाले, आकडे ठरले, तपासणीची वेळ ठरली. दुसऱ्या सांध्यांना तेच मिळाले तर तेच घडेल.

शिवाय सांध्याचे पैसे मोजता येतात, हे आपल्याच दरसूचीत जागोजागी दिसते. केंद्रीय विभागाच्या छपराच्या उपशीर्षात गच्ची आणि कठडा मिळतो तिथे काँक्रीटचा ‘गोला’ करण्याचा आयटम आहे आणि तो मीटरमध्ये मोजतात. पावसाच्या पाइपच्या तोंडाशी करायच्या ‘खुर्रा’चाही आयटम आहे आणि तो नगावर मोजतात. याच विभागाच्या ॲल्युमिनियमच्या कामात चौकट आणि भिंत यांच्यातली फट बॅकर रॉडवर सीलंट घालून भरण्याचा आयटमही मीटरमध्ये आहे. ब्रिकबॅट कोब्याच्या आयटममध्ये तर काम झाल्यावर गच्चीवर किमान दोन आठवडे पाणी साठवून ठेवण्याची अट आहे. ती क्युरिंगही आहे आणि चाचणीही. आपल्याकडे ज्ञान आहे, दर आहेत, चाचणीची कल्पनाही आहे. पण ते वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेले आहे आणि अंदाजपत्रक करणाऱ्याला त्याची आठवण झाली तरच ते टेंडरमध्ये येते. खिडकी दहा हजार वेळा लिहिली जाईल; फट भरण्याचा आयटम त्यातल्या किती वेळा सोबत लिहिला जाईल, हे नशिबावर सोडलेले आहे. गच्चीला दोन आठवडे पाण्यात ठेवणारा नियम खिडकीवर दहा मिनिटे पाण्याचा फवारा मारायला सांगत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की पुस्तकात दोष नाही, दोष देखरेखीत आहे. उपअभियंता वेळेवर साइटवर गेला, कनिष्ठ अभियंत्याकडे एकाच वेळी सात-आठ कामे नसली, तर हीच पुस्तके पुरेशी आहेत. यात तथ्य आहे. माणसे कमी आहेत आणि कामे जास्त. पण म्हणूनच पुस्तकाचे महत्त्व वाढते. थोडा वेळ असलेला अभियंता तेच तपासतो जे त्याला नोंदवायचे असते. घन फोडण्याचा अहवाल लागतो म्हणून घन भरले जातात. सळई तपासल्याची नोंद लागते म्हणून तो काँक्रीट ओतण्याआधी पोचतो. खिडकीच्या फटीसाठी अशी कुठलीच नोंद लागत नाही, म्हणून ती पाहिली जात नाही. देखरेख कुठे जाईल हे विनिर्देशच ठरवतात. त्यामुळे देखरेख अपुरी आहे हा सांध्यांच्या प्रकरणाविरुद्धचा युक्तिवाद होत नाही. अपुरी देखरेख सर्वांत धोक्याच्या जागी खर्च व्हावी, हाच त्या प्रकरणाचा हेतू आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ‘खिडकी गळता कामा नये’ अशी परिणामाची अट घातली की काम संपते, असे काही जण सुचवतात. तर ‘अशा सैल अटीत सर्वांत कमी दराची निविदा भरणारा ठेकेदार पळवाट शोधेल’ असे लेखापरीक्षक म्हणतात. लेखापरीक्षकांची भीती मला रास्त वाटते. निव्वळ परिणामाची अट सिद्ध करायला वर्ष जाते आणि तोपर्यंत अंतिम देयक निघालेले असते. वॉटरप्रूफिंगला दहा वर्षांची हमी घेण्याची पद्धत आहे, पण हमी देणाऱ्याच्या थरातून नंतर प्लंबरने पाइप नेला की हमी कुणाची, हा वाद सुरू होतो आणि संपत नाही. म्हणूनच परिणामाच्या अटीवर विसंबू नये. सांध्याचे प्रकरण साहित्याच्या प्रकरणाइतकेच ठोस असावे: फट किती मिलिमीटर, तिच्यात काय भरायचे, कोणत्या क्रमाने, शेवटचा हात कुणाचा, मीटरला दर काय, चाचणी कोणती आणि ती रंगाच्या आधी की नंतर. इतके लिहिले की लेखापरीक्षकाला हवे ते सगळे मिळते.

तिसरे म्हणणे असे की संपूर्ण काम एकाच ठेकेदाराला दिले की सांधा कुणाचा हा प्रश्नच मिटतो. सगळी जबाबदारी त्याची. कायद्याने मिटतो, प्रत्यक्षात मिटत नाही. मुख्य ठेकेदार खिडक्या एकाला, फरशी दुसऱ्याला, वॉटरप्रूफिंग तिसऱ्याला देतो आणि त्यांच्याशी तो साहित्यवार आयटमांवरच करार करतो. वरच्या करारातली जबाबदारी खाली उतरताना पुन्हा प्रकरणांमध्ये फुटते. सदनिकाधारकाच्या वाट्याला हेच येते. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत संरचनेतला किंवा कारागिरीतला दोष कळवला तर विकासकाने तो ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो. हा हक्क मोलाचा आहे. पण करारनाम्याला जोडलेली यादी पाहा: टाइल कोणत्या कंपनीची, नळ कोणते, खिडकीचा सेक्शन कोणता. खिडकी आणि भिंत यांच्यातली फट कशी बंद केली, याबद्दल त्यात ओळ सापडत नाही. मग गळती हा कारागिरीचा दोष की घरात नंतर केलेल्या बदलाचा परिणाम, हे सिद्ध करण्याचा भार रहिवाशावर येतो.

राहिला आक्षेप कागदांच्या वाढीचा. आधीच जाडजूड असलेल्या टेंडरला आणखी पाने कशाला? इथे अमेरिकेचा अनुभव उपयोगी आहे. तिथल्या विनिर्देशकारांच्या संस्थेने १९६३ साली १६ विभागांची मांडणी आणली आणि २००४ साली ती ५० विभागांपर्यंत वाढवली. काँक्रीट, मेसनरी, धातू, लाकूड हे साहित्यवार विभाग त्यांनी ठेवले. पण ‘उष्णता आणि ओलावा यांपासून संरक्षण’ आणि ‘भिंतीतली उघडी ठिकाणे’ असे कामाच्या हेतूवर आधारलेले विभागही त्याच यादीत बसवले. त्याच्या जोडीला पाया, बाहेरचे कवच, अंतर्भाग, सेवा अशी इमारतीच्या भागांनुसार लावलेली दुसरी पद्धत तिथे वापरात आहे. खरेदी आणि कारागिरी पहिल्या यादीने चालते. रचना आणि खर्चाचा पहिला अंदाज दुसरीने. दोन याद्या असल्या म्हणून गोंधळ होत नाही, कारण दोन्ही एकमेकींच्या क्रमांकांनी जोडता येतात. आपल्याला तर संपूर्ण दुसरी यादीही नको. नेहमीच्या शाळेची, आरोग्य केंद्राची किंवा निवासी इमारतीची सांध्यांची यादी करायला बसलो तर खिडकी-भिंत, दार-भिंत, छज्जा-भिंत, कॉलम-भिंत, तुळई-भिंत, स्लॅब-कठडा, पाइप-स्लॅब, पाइप-भिंत, जोते-जमीन, एक्स्पान्शन जॉइंट अशी दहा-पंधरा नावे होतील. एकेका सांध्याला एक पान धरले तरी जाडी फारशी वाढणार नाही. त्या पंधरा पानांनी वाचणारा खर्च मात्र मोठा आहे, कारण गळती झाल्यावर सातव्या मजल्यावरच्या खिडकीची फट पुन्हा भरायची तर आधी परांची बांधावी लागते, आणि परांचीचा खर्च सीलंटच्या कितीतरी पट होतो.

म्हणून राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या मानक विनिर्देशांत सांध्यांचा स्वतंत्र गट सुरू करावा, साहित्याच्या गटांसारखाच क्रमांक देऊन. प्रत्येक सांध्याचा एक नकाशा असावा, मोठ्या प्रमाणात काढलेला, जो साइटवरच्या मिस्त्रीला वाचता येईल. त्यात कामांचा क्रम आणि शेवटी कुणी हात फिरवायचा हे लिहिलेले असावे. दरसूचीत आज विखुरलेले गोला, खुर्रा, सीलंट, जाळी हे आयटम या गटात एकत्र आणावेत आणि खिडकीचा आयटम अंदाजपत्रकात टाकला की फटीचा आयटम आपोआप जोडला जाईल अशी सोय संगणकीय अंदाजपत्रकात करावी. सळई झाकण्याआधी जशी तपासणी होते, तशीच सांधा झाकण्याआधी व्हावी. मापपुस्तिकेत त्याची नोंद आणि छायाचित्र असावे. बाहेरचा रंग लावण्याआधी प्रत्येक मजल्यावरच्या काही खिडक्यांवर ठरावीक वेळ पाण्याचा फवारा मारून पाहावा, आणि एक जरी गळली तरी त्या मजल्यावरच्या सगळ्या तपासाव्यात. खासगी इमारतींच्या बाबतीत, सोसायटीला कागदपत्रे सोपवताना या सांध्यांचे नकाशे आणि चाचणीच्या नोंदी देणे महारेराने बंधनकारक करावे, म्हणजे कलम १४ चा हक्क बजावताना रहिवाशाच्या हातात पुरावा असेल. यातली एकही गोष्ट नवीन तंत्रज्ञान मागत नाही, आणि नव्या निधीची मोठी तरतूदही मागत नाही. चांगली वीट, चांगले काँक्रीट आणि चांगली चौकट कशी असावी हे आपण दीडशे वर्षांत नीट लिहून ठेवले. त्या तीन चांगल्या गोष्टी एकमेकींना कशा भेटाव्यात हे लिहिण्याचे काम बाकी आहे, आणि ते पुढच्या दरसूचीच्या आवृत्तीपासूनच सुरू व्हायला हवे.